पाणी न बघितलेली होडी

आधी माफी मागतो. लिहावं असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढं काही लिहिलेलं नाही. वडील सही करतात तीसुद्धा चित्र काढल्यासारखी, सावकाश, जीभ दातांत धरून. आणि मी लिहिणार आहे ते ज्यांनी मला तीन वर्षं शिकवलं अशा एका सरांबद्दल. शिक्षकांबद्दल वाईट बोलू नये, हे मला कळतं. माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनी एकदा स्वतः बसून दुरुस्त करून दिला होता, तेही मी विसरलेलो नाही. तरीही लिहितो आहे. कुणाला हे उद्धटपणाचं वाटलं तर त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही.

मला त्या सरांचा राग येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. मला त्यांच्याबद्दल तुच्छता वाटते, आणि ती तीन वर्षांत कमी झालेली नाही. त्या तुच्छतेत माझाही वाटा आहे. तो मी शेवटाकडं सांगेन, कारण आत्ताच सांगितला तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

सर भूगोलाचे. समुद्र हा त्यांचा आवडीचा विषय. आमच्या हिंगोलीपासून समुद्र एक दिवस आणि एक रात्र लांब. आम्हाला पाणी म्हणजे विहीर, कालवा, आणि आता जिथं तिथं झालेली प्लास्टिक अंथरलेली शेततळी. सर मात्र समुद्र असा शिकवायचे, जसा तो त्यांच्या घरच्या अंगणात सुरू होतो. भरती म्हणताना हात वर न्यायचे, ओहोटी म्हणताना खाली आणायचे. वही तीच, पानं पिवळी पडलेली. मधेच थांबून आमच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "तुम्ही लोक काय समुद्र बघणार." हे वाक्य वहीत नव्हतं, पण दरवर्षी त्याच पानावर यायचं, असं आमच्या पुढच्या वर्षाच्या पोरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

कॉलेजचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, त्यांनी मला एकदा सांगितलं की सर सहलीबरोबर एकदाच कोकणात गेले होते. पोरं वाळूत पळाली, लाटांत भिजली. सर बसमध्ये बसून राहिले, खिडकी लावून. बुटात वाळू जाते म्हणून. मामा हे हसून सांगत होते. मला हसू आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला समुद्राचं काहीच नको आहे, त्याला फक्त आम्हाला समुद्र नाही एवढंच हवं आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार असं ठरलं. सगळ्या भिंतींना रंग लागला. जिथं कधी कुंडी नव्हती तिथं कुंड्या आल्या. प्रत्येक विभागानं काहीतरी दाखवायला ठेवायचं होतं. आमच्या सरांनी ठरवलं की भूगोल विभागात शिडाच्या मासेमारी ट्रॉलरची प्रतिकृती ठेवायची. इंजिन येण्याच्या आधीच्या काळात असली मोठी जहाजं निव्वळ वाऱ्यावर चालायची आणि समुद्राच्या तळावरून जाळं ओढत न्यायची. त्यांनी इंटरनेटवरून तिचा आराखडा काढला, चार कागद जोडून. परदेशातली होडी, इंग्रजीत लिहिलेली मापं, अर्धा इंच म्हणजे एक फूट.

आमच्याकडच्या नदीतल्या भोयांची होडी ठेवली असती तर समितीला खरं काहीतरी दिसलं असतं. पण नदीची होडी गरिबाची, ती सरांना काय कामाची.

वर्गात त्यांनी विचारलं, कुणाच्या ओळखीचा सुतार आहे का. मी हात वर केला. आजही वाटतं, तो हात खालीच राहिला असता तर बरं झालं असतं.

आमचा तांडा गोरेगावपासून जवळ. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल घालून मुलूखभर फिरायचे असं म्हणतात, आम्ही मात्र सोयाबीन पेरतो. गोरेगावात बाजाराच्या कडेला एक म्हातारे सुतार होते, मुसलमान. वडील त्यांना मिस्त्री म्हणायचे, मी चाचा. आमची गाडी त्यांनीच बांधलेली, आजोबांची पण त्यांच्याच वडलांनी. आता बैलगाड्या कुणी नव्या करत नाही, म्हणून चाचा वखराची खोडं, दरवाजाच्या चौकटी, कुणाचा पाळणा असं करत बसायचे. गुडघे गेलेले, त्यामुळं दुकान सोडून फारसे कुठं जात नव्हते.

मी आराखडा घेऊन गेलो. त्यांनी कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पटाशा ठेवल्या आणि एकेका रेघेवरून बोट फिरवायला लागले. मी इंग्रजी वाचून सांगत होतो, अडखळत. त्यांची टेप इंचाची, आणि इंचाचे आठ भाग म्हणजे सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. "चार सुताचा एक फूट," ते म्हणाले, "मंग काय, सोपं हाय." आणि सगळी होडी त्यांनी डोक्यात सुतात मांडली. तीन फुटांना दोन बोटं कमी भरणार होती.

एका गोष्टीवर ते अडले. होडीच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूनं, एक लांब आडवं लाकूड बांधलेलं होतं आणि त्याच्या दोन टोकांना लोखंडी कमानी. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मी वाचून सांगितलं की हे लाकूड जाळ्याचं तोंड उघडं धरतं, कमानी तळावरून घसरतात, आणि होडी वाऱ्यावर हे सगळं ओढत नेते. चाचांनी माझ्याकडं बघितलं.

"म्हंजे वखर."

मी म्हणालो, व्हय, तसंच. वखरही बैलांच्या मागं असंच रानातून आडवं ओढत नेतात.

"समिंदराच्या तळावर वखर फिरवून राहिले लोक," ते म्हणाले. "अन् तुझा सर म्हणतो तुमाला समिंदर कळत न्हाई."

त्या दिवसापासून ते आराखड्यात कमी बघायला आणि मान वर करून जास्त काम करायला लागले. मी दर शनिवारी जायचो. फासळ्या बाभळीच्या केल्या, वरच्या फळ्या सागाच्या, एका मोडलेल्या दरवाज्यातून काढलेल्या. फळ्यांच्या फटीत पिंजलेला कापूस ठासला आणि वरून राळ वितळवून ओतली. मी विचारलं, शोभेच्या वस्तूला हे काहून? ते म्हणाले, होडी हाय ना ही? आराखड्यात शिडं तांबूस काळपट दाखवलेली होती, तर चाचींनी पानपट्टीवरून काथ आणून मांजरपाट त्यात उकळून काढला. वाळत टाकलेली ती शिडं बघून समोरचा हॉटेलवाला म्हणाला, "चाचा, कुनाचा पायजमा धुवून टाकला?" चाचा म्हणाले, "तुझ्या बापाचा. म्हणूनच रंग गेला न्हाई."

सगळ्यात अवघड होतं खालचं वजन. होडीच्या पोटात वजन नसेल तर ती उलटते, हे आराखड्यात होतं. कुठं किती, ते मात्र नव्हतं. निदान मला सापडलं नाही. चाचांनी जुन्या चाकांची लोखंडी धाव कापून तिचे तुकडे पोटात बसवले, पुढच्या बाजूला थोडे जास्त. गाडी बांधताना भार जुवाकडं थोडा जड ठेवतात. मागं जड झाली तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं आणि गाडीवान मागं पडतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. चाचांच्या हाताला तर ते हाडात माहीत. म्हणून होडीलाही त्यांनी तसंच केलं.

आराखड्यात खालची रेघ पुढं वर आणि मागं खोल काढलेली होती. ती मला दिसत होती. म्हणजे होडी मागच्या बाजूनं पाण्यात जास्त बसायला हवी, असं मला वाटलं. पण माझ्या इंग्रजीवर माझा विश्वास नव्हता, आणि साठ वर्षं काम केलेल्या हाताला मी काय सांगणार. गप्प बसलो.

चाचांना स्वतःलाही शंका होतीच. त्यांनी वरची एक फळी मुद्दाम सैल ठेवली, खिळा न मारता. म्हणाले, "मला गाडीचा अंदाज हाय, पाण्याचा न्हाई. पाण्यात टाकल्यावर पाणी सांगल. मंग ही फळी उचलून लोखंड इकडं तिकडं करू." त्यांच्या एका दोस्ताच्या शेततळ्यात शुक्रवारी नमाज झाल्यावर होडी सोडायची असं ठरलं. दोस्ताची मोटरसायकलसुद्धा ठरली, त्यांना मागं बसवून न्यायला. त्या आठवड्यात चाचा पोरासारखे झाले होते. बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की शुक्रवारी या.

गुरुवारी सकाळी सरांचा फोन आला. समिती सोमवारी येते आहे, काचेची पेटी तयार आहे, होडी आजच्या आज आण.

मी म्हणालो, सर, उद्या संध्याकाळी आणली तर. ते म्हणाले, आज.

मी तसाच गोरेगावला जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी डोलकाठ्या काढल्या, शिडांत गुंडाळल्या, होडी जुन्या गोधडीत बांधली. माझ्या हातात देताना फक्त एवढंच म्हणाले की तिथं हौद असंल, टाकी असंल, पेटीत ठेवायच्या आधी एकदा पाण्यात ठेव. अन् मला सांग, उभी राहिली का. नाक खाली गेलं तर कसं गेलं, झुकली तर कोणत्या अंगाला. मजुरी बराबर मिळाली होती, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांना तेवढं एकच पाहिजे होतं. मी म्हणालो, चाचा, नक्की.

जीपमध्ये होडी मांडीवर घेऊन बसलो. तीन फुटांची गोधडी, आत काय आहे म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्यावर. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकरू हाय का?" मी म्हणालो, होडी हाय. मागून एकजण म्हणाला, "होडी? काहून, हिंगोलीत पूर येऊन राहिला का?" ड्रायव्हर म्हणाला, "येऊ दे. आपली जीप बुडाली तर हा एकटा वाचंल." सेनगावपर्यंत तेच चाललं. मला वाईट वाटत नव्हतं. उलट मी फुगलो होतो. त्या जीपमध्ये समुद्र माझ्या मांडीवर होता.

कॉलेजात सरांनी गोधडी सोडली आणि पहिल्यांदा नाक मुरडलं.

"वास कसला येतोय रे?"

राळेचा, सर.

"आणि ही शिडं? घाण दिसतात."

मी काथाचं सांगितलं. आराखड्यातला रंग दाखवला. त्यांनी आराखडा बघितलासुद्धा नाही, जो त्यांनीच काढला होता. मामांना दुकानात पाठवून पांढरं साटीन आणवलं, जे नवरदेवाच्या फेट्यात घालतात तसलं, आणि चाचींनी रंगवलेली शिडं उतरवून कोपऱ्यात टाकली. काचेच्या पेटीच्या तळाला निळा जिलेटीन कागद चुरगाळून लाटा केल्या. थर्माकोलचे दोन पक्षी दोऱ्यानं टांगले. ते पक्षी जवळजवळ होडीच्या शिडाएवढे होते, पण माप ही सरांना सुताराची गोष्ट वाटत असावी. मग ते आडवं लाकूड, चाचांचं वखर, त्यांनी डाव्या कडेवरून सोडवलं आणि होडीच्या नाकावर आडवं बांधलं.

मी घाबरत म्हणालो की सर, ते मागं असतं, डाव्या बाजूला.

"मागं बांधलं तर काचेतून दिसणार आहे का कुणाला?"

मग मी पाण्याचं विचारलं. मागच्या बागेत सिमेंटचा हौद आहे, पाच मिनिटं लागतील, सुतारानं सांगितलं आहे. तेव्हा खोलीत माझ्या वर्गातले चौघे पाचजण होते. सर त्यांच्याकडं बघून हसले.

"पाण्यात? अरे, भिंतीवर पावसाचा नकाशा आहे, तो काय तू भिजवून बघतोस? शोभेची वस्तू आहे ती. तुमचा तो गाडीवाला सुतार, त्याला काय कळतंय."

सगळे हसले. मीही हसलो. थोडंसंच, पण हसलो. मग पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली सरांच्या खिशात गेली.

सोमवारी समिती आली. तिघंजण. त्यांच्याबद्दल मला काही माहिती नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की काजूच्या बशीसमोर ते जितका वेळ थांबले तितका होडीसमोर थांबले नाहीत. त्यातल्या एका मॅडमनी मात्र काचेला नाक लावून बघितलं आणि विचारलं की हे कुणी बनवलं. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी, मॅडम. ग्रामीण भागातली मुलं आहेत, पण करतात."

त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अरे वा." एवढाच वेळ होता. एका वाक्याचं काम होतं. गोरेगावच्या एका सुतारानं केलं, एवढंच. मी म्हणालो, "थँक यू मॅडम."

पुढं मला त्याचं प्रमाणपत्र मिळालं, उत्कृष्ट प्रतिकृती निर्मितीबद्दल. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडीनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागं ठेवलं. अजून तिथंच आहे. घरी गेलो की मी त्या भिंतीकडं पाठ करून जेवतो.

सरांच्या फुशारकीची मला कीव येत नाही. लोक म्हणतात, कीव करावी, त्यांनाही कुणी कधी काही दिलं नसेल. नसेलही. पण ज्याला दुसऱ्याचं काम समोर दिसत असूनही दिसत नाही, ज्याला खरा रंग घाण वाटतो आणि साटीन स्वच्छ वाटतं, ज्याच्या हातात आराखडा असूनही होडी उलटी सजवली जाते, त्याला मी विद्वान म्हणू शकत नाही. विद्वान कुणाला म्हणावं हे मला कुणी शिकवलेलं नाही, तरी. आणि मी कॉलेजात असेपर्यंत तो माणूस त्या पेटीसमोर उभा राहून प्रत्येक नव्या वर्गाला सांगत राहिला की असा ट्रॉलर, असं जाळं, तुम्ही लोक काय बघणार. पोरं वहीत लिहून घ्यायची. मीही समोर बसून लिहून घेतलं. परीक्षेत तेच लिहिलं, नाकावर जाळं असतं म्हणून, आणि मार्क घेतले.

आता माझा वाटा.

समितीनंतर आठ दिवस मी गोरेगावला गेलो नाही. मग बाजाराच्या दिवशी जावंच लागलं. चाचा एका वखराला पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, बसवत होते. मला बघितल्यावर हातोडी खाली ठेवली.

"आला का कालेजवाला. बोल. उभी राहिली का?"

खरं सांगायचं तर वाटेत मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. कुलूप, साटीन, सगळं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, म्हाताऱ्याला तकलीफ कशाला. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी हसलो होतो ते मला सांगायचं नव्हतं.

"उभी राहिली, चाचा. एकदम बराबर."

"नाक?"

"न्हाई गेलं खाली. सरळ."

"अन् झुकली कोणत्या अंगाला?"

"कोणत्याच न्हाई. नीट सरळ उभी होती."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. लाकडातली गाठ बघावी तसं.

"वखर डाव्या अंगाला बांधलं हाय, पोरा," ते म्हणाले. "एका अंगाला वजन बांधलं की गाडी बी झुकती. होडी कशी झुकंना?"

त्यांनी हातोडी उचलली आणि पास ठोकायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "चहा पिऊन जा." मी चहा पिऊन गेलो. तो चहा पिण्याएवढा निर्लज्ज मी होतो.

त्यानंतर मी गोरेगावातून जाणं टाळायला लागलो. सेनगावच्या दुसऱ्या रस्त्यानं फेर घालून तांड्यावर जायचो, पाऊण तास जास्त लागायचा. वडील एक दोनदा म्हणाले की मिस्त्री तुझं इचारून राहिला. मी म्हणायचो, अभ्यास आहे. वडलांना अभ्यासापुढं काही बोलता येत नाही. त्यांच्या त्या भीतीचाही मी फायदा घेतला. सरांना मी तुच्छ म्हणतो, पण त्यांनी कधी चाचांच्या तोंडावर खोटं सांगितलं नाही. ते काम मी केलं.

पदवी झाली आणि मी पुढं शिकायला नांदेडला गेलो. होडी पेटीतच. जाताना एकदा विभागात डोकावलो होतो, काचेवर धूळ, साटीन पिवळं पडलेलं, एक पक्षी खाली पडलेला. नाकावर वखर तसंच. ती होडी बघून मला चाचांची नाही, माझी आठवण यायची. पांढरं फडकं लावून काचेत उभं केलेलं, आत लोखंड चुकीच्या जागी, आणि पाण्यात कधी गेलेलंच नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. मी तांड्यावरून नांदेडला परत चाललो होतो. वारंगा फाट्यावर बस थांबली होती, लोक चहाला उतरले होते, मी खिडकीतच बसलो होतो. कॉलेजच्या मामांचा फोन आला. माझा एक दाखला ऑफिसात पडून होता, तो घेऊन जा म्हणून सांगायला त्यांनी फोन केला होता. ते बोलून झालं. मग मामा म्हणाले, "अरे, तुझा तो म्हातारा येऊन गेला इथं."

मला आधी कळलंच नाही कोण. मग कळलं.

मामांनी सांगितलं ते असं. मागच्या आठवड्यात दुपारी एक म्हातारा जीपनं आला. धुतलेले कपडे, डोक्याला टोपी, हातात काठी. गेटवर विचारत होता, होडी कुठं हाय. सर त्या दिवशी रजेवर. मामांनी त्यांना विभागात नेलं. म्हातारा काचेसमोर उभा राहिला. पांढऱ्या शिडांना बोट लावल्यासारखं काचेवरून बोट फिरवलं, पण त्याबद्दल काही बोलला नाही. पक्ष्यांबद्दलही नाही. फक्त विचारलं, हौद हाय का.

मामांकडं कुलपाची दुसरी किल्ली होती. इतकी वर्षं होती. मला कधी मागायचं सुचलं नव्हतं.

दोघांनी मिळून होडी मागच्या हौदाशी नेली. पाण्यात ठेवली तशी नाकावर गेली, पार पुढची फळी भिजेपर्यंत. मामा म्हणाले, "मी म्हणालो, बुडाली आता." म्हातारा हसला. "थोडी चूक माझी बी हाय," म्हणाला. "गाडी समजून बांधली." मग त्यानं नाकावरचं ते लाकूड सोडवलं आणि मागं डाव्या कडेला जिथलं तिथं बांधलं. एक सैल फळी उचलली, आतला लोखंडाचा एक तुकडा काढून मागं सरकवला. परत पाण्यात ठेवली.

"मंग?" मी विचारलं.

मंग काय, मामा म्हणाले, उभी राहिली. म्हातारा हौदाच्या कठड्यावर बसून राहिला, अर्धा पाऊण तास. वारं आलं की ती जरा सरकायची, तो काठीनं परत मधे आणायचा. मग रुमालानं पुसली, स्वतः पेटीत ठेवली, कुलूप लावायला सांगितलं. घेऊन जातो असं एकदाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सर आले. पेटी बघितली आणि ओरडले, कुणी हात लावला म्हणून, आणि ते लाकूड परत काढून नाकावर बांधलं.

बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. लोक परत चढत होते. मी विचारलं, माझ्याबद्दल काही विचारलं का त्यांनी.

"इचारलं न्हाई," मामा म्हणाले. "सांगायला सांगितलं. मी इसरलोच होतो. म्हणे, त्या पोराला सांगा, डाव्या अंगाला दोन सूत झुकली."